आत्याचा लॅपटॉप

आष्टी
४ जून २०२५

वन्संना संगीताचा नमस्कार.

तुमचा फोन मी उचलत नाही आणि उचलणारही नाही. तुमचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. मी इकडून एक बोलते, तिकडे भाऊजी, रविराज आणि ओसरीवर बसलेला जो कोणी असेल तो त्यात आपली भर घालतो. शिवाय फोनवरचं बोलणं दुसऱ्या दिवशी बदललेलं असतं. कागदावर लिहिलेलं बदलत नाही. हनुमान भाजीचा टेम्पो घेऊन पालीवरूनच बीडला जातो, त्याच्याजवळ हे पत्र देते आहे. उत्तर द्यायचं असेल तर त्याच्याजवळच द्या.

ऋतुजाला पुण्यात गेम बनवण्याच्या कोर्सला प्रवेश मिळाला, हे तुम्हाला सासूबाईंकडून कळलंच आहे. कोर्स तीन वर्षांचा आहे. त्याला गेमिंगचा लॅपटॉप लागतो, कारण साध्या लॅपटॉपवर ते काम गुदमरतं. तो आम्ही घेतो आहोत. मॉडेलही ठरलं आहे. रविवारी तुम्ही सासूबाईंजवळ निरोप ठेवलात, "संगीता हलक्या मेमरीचा आणून पोरीचं नुकसान करील. वेगवान मेमरीचा मी देते."

त्याचं उत्तर असं. लॅपटॉप दोन्हीकडे एकच आहे. आम्ही ठरवलेल्याच्या मेमरीवर अठ्ठेचाळीसशेचा आकडा आहे, तुम्ही सांगता त्याच्यावर छप्पन्नशेचा. ऋतुजाने मला समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. लागणारं सगळं हाताशी काढून ठेवायची जागा. ओटा ऐसपैस हवा, हे खरं. पण ओट्यावरून हात थोडा जास्त भराभर हलला म्हणून भाकरी लवकर होत नाही. भाकरीला वेळ तव्यावर लागतो. गेममध्ये तव्याचं काम ग्राफिक्स कार्ड करतं, आणि ते दोन्ही लॅपटॉपमध्ये सारखंच आहे.

म्हणून जास्तीचा खर्च नको. तुमचाही नको.

संगीता

•

पाली
७ जून

संगीता,

नमस्कार मिळाला. त्यातला काटापण मिळाला.

तू अंगणवाडीत पोरांना गाणी शिकवतेस, ठीक आहे. मला कॉम्प्युटर शिकवू नकोस. माझ्या पोराचं बीडमध्ये कॉम्प्युटरचं दुकान आहे. रविराज दिवसाला असले दहा लॅपटॉप उघडतो आणि झाकतो. तू ओट्याचं सांगितलंस, मी चक्कीचं सांगते. चक्की कितीही दांडगी असू दे, वरून दाणा टाकणारा हात मंद असला तर चक्की रिकामी फिरते. दाणा टाकायचं काम मेमरीचं. समजलं का?

आणि खर्च कुणाचा, नको म्हणणार कोण? ऋतुजा माझ्या सख्ख्या भावाची पोर आहे. तिच्या बारशाला पाळण्यात वाकून तिच्या कानात नाव मी सांगितलं. तू तेव्हा कोपऱ्यात डोकं बांधून बसली होतीस. आत्याचा हक्क असतो म्हणून तो मान मला मिळाला, कुणी उपकार केले नाहीत. त्या हक्कात एक लॅपटॉप बसत नाही का?

लई शहाणी झालीस. नाथा मेंढरामागे हिंडतो, घरात तुझं राज्य. पण भाचीला काय द्यायचं ते मी तुला विचारून ठरवणार न्हाई.

दीपमाला

•

आष्टी
१० जून

वन्सं,

चक्कीचं उदाहरण छान आहे. पण रविराजने ते तुम्हाला सांगितलं, की तुम्हीच रचलं? कारण ऋतुजाने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एकच गेम, एकच लॅपटॉप, फक्त मेमरी बदललेली. पडद्याचे दोन भाग केलेले, कोपऱ्यात आकडे. एकीकडे सेकंदाला शंभर चित्रं, दुसरीकडे एकशे चार. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मला फरक दिसला नाही. ऋतुजाला विचारलं, "तुला दिसतो का?" ती हसून म्हणाली, "आई, आकडा झाकला तर मलाबी न्हाई दिसायचा." मेमरीची एकच पट्टी घालण्यापेक्षा दोन घातल्या तर खरा फरक पडतो, असंही ती म्हणाली. तशा दोन पट्ट्या आम्ही ठरवलेल्या लॅपटॉपमध्ये आहेतच.

म्हणजे तुम्ही चार चित्रांसाठी भांडत आहात. चार चित्रांसाठी तुम्ही भांडणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते.

तेव्हा आता सरळ लिहिते. तुमच्या थोरल्या जावेने भाचीला आधी मोबाइल घेऊन दिला, मग स्कूटी. बारावीचा निकाल लागायच्या आत तिला सून करून घरात नेलं. ती सायली तुमच्या शेजारीच राहते. लग्नानंतर शिकवू, असं तिलाही सांगितलं होतं. तिची पुस्तकं पत्र्याच्या पेटीत आहेत आणि पेटीवर आता धान्याचं पोतं आहे. गेल्या दिवाळीला मी स्वतः पाहिलं.

आपल्या भावकीत आत्याने भाचीच्या हातात मोठी वस्तू ठेवली की लोक पुढचं आपोआप मोजतात. रविराज चांगला मुलगा आहे. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण ऋतुजा तीन वर्षं पुण्यात शिकणार आहे. त्याच्या आड येणारी कुठलीही वस्तू, वेगवान असो की संथ, माझ्या घरात येणार नाही.

संगीता

•

पाली
१२ जून

संगीता,

चार तर चार! शंकरपटात बैल नाकाच्या शेंड्यानं पुढं निघाला तरी गुलाल त्याच्यावरच पडतो. मागं राहिलेल्याला कुणी विचारत नाही, की बाबा, किती थोडक्यात हुकलास.

माझ्या जावेचं नाव काढायचं कारण नव्हतं. सायली खाऊनपिऊन सुखी आहे. तू दिवाळीला आलीस ती फराळाला आलीस, की पेट्या तपासायला?

ऋतुजाला सून करते असं मी कधी म्हटलं? दाखव कुठल्या पत्रात आहे ते. आणि समजा म्हटलं, तर कुठं बिघडलं? परक्याच्या घरात जाऊन भांडी घासण्यापेक्षा आत्याच्या घरात राणीसारखी राहील. गेमच खेळायचे ना तिला? आमच्याकडं एसीची खोली आहे, इन्व्हर्टर आहे. खेळू दे की दिवसभर. त्यासाठी तीन वर्षं पुण्यात कशाला? खेळ बनवायचं कॉलेज असतं हे मी या जन्मी पहिल्यांदा ऐकलं. लोक हसतील.

लॅपटॉप आलाय. छप्पन्नशेचाच. शुक्रवारी पाठवते. दारातून माघारी लावायची हिंमत असेल तर लाव.

दीपमाला

•

आष्टी
१५ जून

वन्सं,

शुक्रवार तुम्ही नेमका निवडलात. त्या दिवशी अंगणवाडीच्या बैठकीला मी कड्याला जाणार, हे सासूबाईंना माहीत होतं. त्या तुमच्या आई आहेत. त्यांनी तुम्हाला कळवलं असेल तर मला नवल वाटत नाही.

मी संध्याकाळी गल्लीत शिरले तर शेजारची रामप्रसादची आई कट्ट्यावरून ओरडली, "कावून सांगितलं न्हाई गं? एवढी आनंदाची गोष्ट! आमाला पेढा न्हाई तर न्हाई, कानावर तरी घालायचं!" मी विचारलं, "कसली गोष्ट?" तर ती पदर तोंडावर धरून हसायला लागली. "बघा, आता हिला कायबी म्हाईत न्हाई म्हणं!"

घरात आले तर देवासमोर पाट. पाटावर लॅपटॉपचा खोका. खोक्याला हळदकुंकू. बाजूला जरीची साडी आणि पेढे. ऋतुजाच्या कपाळावर अक्षता चिकटलेल्या. नवीन वस्तू आली म्हणून आजी ओवाळते आहे असं तिला वाटलं. ती बिचारी हसत बसली होती, खोका घेऊन आलेले भाऊजी फोटो काढत होते. त्यातला एक फोटो तुम्ही भावकीच्या ग्रुपवर टाकलात. तोवर तिला कळलं नव्हतं की ओवाळलं जातंय ते खोक्याला नव्हे.

मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, तुम्ही हे कसं घेतलंत?" त्या म्हणाल्या, "माझ्या लेकीनं पाठवलं. मी न्हाई कसं म्हणू?"

आता ऋतुजा माझ्याशी बोलत नाही. तुमच्याशीही बोलणार नाही, पण तुम्ही ऐंशी किलोमीटर लांब आहात. मी एका भिंतीपलीकडे झोपते. ती एवढंच म्हणाली, "तू पण आई, चार चित्रांवर भांडत बसलीस. खरं काय ते पहिल्याच पत्रात का न्हाई लिहिलं?" मला ते लागलं. मेमरीबद्दल भांडणं सोपं होतं. त्यात आकडे होते, आणि आकड्यांमागे उभं राहून तुम्हाला नाही म्हणता येईल असं मला वाटलं.

लॅपटॉप न उघडता परत पाठवते आहे. साडी आणि पेढेही. हनुमानकडून मोजून घ्या.

संगीता

•

पाली
१८ जून

संगीता,

मोजून घेतलं. लॅपटॉप आला, साडी आली, पेढे आले. नारळ कुठाय?

तू लिहिलंस न्हाई, पण आईनं मला सगळं सांगितलंय. नारळ त्याच दुपारी फुटला. खोबरं-गूळ गल्लीत वाटला. आणि तू कड्याहून आलीस तेव्हा आईनं तुझ्या हातावर खोबरं ठेवलं, ते तू उभ्यानं खाल्लंस. चपलापण काढल्या नव्हत्यास. मग भांडायला सुरुवात केलीस. खोबरं आधी, भांडण मागून.

खोका माघारी करता येतो. साडी घडी घालून माघारी करता येते. पोटात गेलेला नारळ कसा माघारी करणार ते सांग. आपल्यात आत्याकडचा नारळ पोरीच्या घरात फुटला आणि आईनं खाल्ला की सोयरीक झाली. तू बाहेरून आलेली नाहीस, तुला हे माहीत आहे. पेढे चौघांसमोर हनुमानच्या टेम्पोतून उतरवून घ्यावे लागले मला. माझी मान खाली घातलीस.

आता एक ऐक. हे तुला कधीच सांगणार नव्हते. बारशानंतरच्या वर्षी नाथाची मेंढरं बिंदुसरेच्या धरणाला बसली होती. तेव्हा भावकीतल्या जाणत्या सटवातात्यांसमोर नाथानं मला शब्द दिला, "आक्का, ही पोरगी तुझ्या रविराजची." मी मागितला नव्हता. म्हणजे मागितला होता, पण त्यानं ओझं म्हणून दिला न्हाई, आनंदानं दिला. इतकी वर्षं मी तो सांभाळला. तू त्याला चार चित्रं म्हणतेस.

आता कुणाशी भांडायचं ते तुझ्या नवऱ्याशी भांड.

दीपमाला

•

आष्टी
२३ जून

वन्सं,

हो, खोबरं मी खाल्लं. सकाळपासून उपाशी होते. सासूबाई हातावर काही ठेवतात ते मी अठ्ठावीस वर्षं न विचारता खात आले आहे. त्या हातावर एकदा माझ्या मुलीचं लग्न ठेवलेलं असेल, हे मला सुचलं नाही.

शब्दाचं मला खरंच माहीत नव्हतं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि ऋतुजाच्या हातात दिलं. तिने वाचलं, चप्पल घातली आणि म्हणाली, "चल." मेंढरं कड्याच्या पलीकडे एका शेतात खतासाठी बसवली आहेत. आम्ही दोघी पोहोचलो तेव्हा हे मेंढरांभोवती वाघरीची जाळी ठोकत होते. आम्हाला बघून त्यांना वाटलं, घरी कोणी गेलं.

ऋतुजाने उभ्याउभ्याच विचारलं, "आबा, आत्याला शब्द दिलाय तुमी?"

त्यांनी हातातली खुंटी खाली ठेवली. म्हणाले, "दिलाय."

"मेंढरू इकताना तुमी त्याचे दात बघता, पाठ दाबून बघता, बाजारात चौघांना इचारता. मला देताना कुणाला इचारलं?"

"तू तवा पाळण्यात होतीस, बाळा. आक्का हाय ती. तिनं मला कडेवर वागवलंय. तिला न्हाई कसं म्हणू?"

"मग मलाच न्हाई म्हणा. म्हणा, की ऋतुजा, पुण्याला जायचं न्हाई. इथं म्हणा, माझ्या तोंडावर."

त्यांनी म्हटलं नाही. जाळी सोडून बांधावर जाऊन बसले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, आणि त्यांच्या पाठीकडे बघून ओरडताही येईना. आम्ही तशाच परत आलो.

शब्द त्यांनी दिला. मुलगी त्यांची एकट्याची नाही, तुमची तर अजिबात नाही. कॉलेज एक ऑगस्टला सुरू होतं. त्या दिवशी ती तिथे असेल. भावकी जमवा, सटवातात्यांना आणा, जे करायचं ते करा.

संगीता

•

पाली
९ जुलै

संगीता,

तुला लिहिणार नव्हते. पण तुला हे नाथा सांगणार न्हाई, आणि तुला कळल्याशिवाय मला चैन पडायचं न्हाई.

काल तो आला. एकटाच, मेंढरं राखणीच्या पोराच्या हवाली करून. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाला, "बस आक्का. बोलायला आलोय." सटवातात्यांना त्यानं येतानाच बरोबर आणलेलं. त्यांच्यासमोर म्हणाला, "पोरीचा शब्द मी माघारी घेतो. तो माझ्याकडं द्यायला नव्हताच."

तात्या म्हणाले, "नारळ फुटलाय बे नाथा. आता कुठं माघारी जातोस?"

तर माझा भाऊ, ज्यानं आयुष्यात मला उलटून उत्तर दिलं न्हाई, तो म्हणतो, "नारळ फुटला तात्या. त्याच्यापायी पोरीचं कपाळ का फोडू?"

तुझं शिकवलेलं बोलतोय म्हणावं, तर तसं वाटलं न्हाई. मी रविराजकडं बघितलं, की हा तरी काही बोलेल. तो म्हणाला, "मामा बरोबर बोलले." मी त्याच्यावर ओरडले. तर म्हणतो, मामीचंही खरं होतं, त्या मेमरीत तेवढा फरक नसतो. "मग आधी कावून न्हाई बोललास?" म्हटलं. "तू इचारलं कुठं? तू म्हणालीस, सगळ्यात भारी दे. दिला. लग्नाचंबी तसंच."

माझ्याच घरात माझ्या बाजूनं कुणी न्हाई, हे मला काल कळलं. खूश हो.

नाथा पाण्याचा तांब्या तसाच ठेवून गेला. माझा भाऊ माझ्या दारातून तहानलेला गेला, हे तुझ्यामुळं झालं. हे मी मरेपर्यंत विसरणार न्हाई. लॅपटॉप दुकानात विकायला ठेवलाय. राखीला इकडं कुणी येऊ नका. कुणीच न्हाई.

दीपमाला

•

आष्टी
२ ऑगस्ट

वन्सं,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तीन आठवडे दिलंही नाही.

ऋतुजा परवा पुण्याला गेली. अठ्ठेचाळीसशेचाच लॅपटॉप घेऊन. जाताना सासूबाईंच्या पाया पडली, माझ्या गळ्यात पडली नाही. गाडी सुटताना खिडकीतून हात मात्र बाहेर काढला, तो माझ्यासाठी होता की यांच्यासाठी, मला सांगता येणार नाही. मी तो माझ्यासाठी धरला. काल रात्री फोन आला. वर्गात तिच्याहून भारी लॅपटॉप बऱ्याच जणांकडे आहेत, हलकेही आहेत. एवढंच म्हणाली, आणि जेवली का विचारल्यावर हो म्हणाली.

तुमच्या पत्रातून मला कळलं की हे तुमच्याकडे येऊन गेले. ते मला अजूनही बोललेले नाहीत. त्या संध्याकाळी घरी आले, भाकरी मागितली, समोर आली तेव्हा ताट सरकवलं. मी म्हटलं, पोट बिघडलंय का? मान हलवली. मी ओव्याचं पाणी करून दिलं. ते त्यांनी निमूट घेतलं. दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं तेव्हा कळलं, की त्यांना झालेल्या दुखण्यावर ओव्याचं पाणी चालत नाही.

तुम्ही लिहिलंत, खूश हो. माझी मुलगी जिथे जायला हवी होती तिथे गेली, म्हणून मी खूश आहे. ते लपवणार नाही. तुम्हाला वाईट वाटलं म्हणून ते कमीही करणार नाही. माझ्या पाठीमागे, मी घरी नसताना, तिच्या कपाळाला अक्षता लावल्यात. ते मी माफ केलेलं नाही. म्हातारपणी कधी करीन असंही वाटत नाही. तुम्हीही मला माफ करू नका. ते आपल्या दोघींना झेपणारं नाही.

पण एक लिहायचं आहे, आणि ते तुमच्यासाठी लिहीत नाही.

राखी पुढच्या शनिवारी आहे. कुणी येऊ नका, हा तुमचा निरोप मी यांना दिलेला नाही. गेले दोन दिवस ते मेंढरं पाटोद्याच्या अंगाने वळवत आहेत. तिकडे चारा नाही, हे मला कळतं आणि त्यांनाही कळतं. ती वाट पालीला जाते. मी विचारलं, इकडे का? म्हणाले, "पाऊस तिकडं बरा दिसतोय."

ते दारात येतील तेव्हा काही बोलणार नाहीत, तुम्हाला माहीत आहे. त्यांना आत घ्या. आधी पाणी द्या.

माझ्यासाठी दार बंदच ठेवा. मी यायची नाही.

संगीता